यूएसबी रुसते तेव्हा

१९९५ च्या आसपासच्या संगणकाची पाठ ज्यांनी पाहिली आहे, त्यांना मी काय म्हणतोय ते लगेच कळेल. समोरून तो पांढरट डबा कितीही सोज्वळ दिसला तरी मागे जुन्या वाड्याच्या मीटरखोलीसारखा पसारा असायचा. कळफलकाला एक गोल खोबण, माऊसला नऊ सुयांची, मोडेमला तसलीच दुसरी, प्रिंटरला पंचवीस भोकांची लांबलचक, जॉयस्टिकला पंधरा भोकांची. बहुतेक केबलींच्या टोकांना दोन्ही बाजूंनी स्क्रू, आणि ते आवळायला टेबलाखाली उताणं पडून चाचपडायचं. एकच सोय होती: एका आकाराचं टोक दुसऱ्या खोबणीत जायचं नाही, त्यामुळे काय कुठे लावायचं हा प्रश्न डोळ्यांनीच सुटायचा.

खरा छळ आत असायचा. प्रत्येक यंत्राला प्रोसेसरचं लक्ष वेधून घेण्यासाठी एक स्वतंत्र वाट लागे. तिला आयआरक्यू म्हणत. अशा वाटा शून्य ते पंधरा, एकूण सोळा, आणि त्यातल्या बऱ्याच घड्याळ, कळफलक, हार्ड डिस्क यांनी आधीच अडवलेल्या. उरलेल्यांवर मारामारी. पहिलं आणि तिसरं सीरियल पोर्ट ४ नंबरची वाट वाटून घेत, दुसरं आणि चौथं ३ नंबरची. म्हणजे माऊस पहिल्यावर आणि मोडेम तिसऱ्यावर असला, की इंटरनेटला फोन लावताच माऊस जागच्या जागी गोठायचा. मग केस उघडून कार्डावरचा चिमुकला जंपर चिमट्याने काढून दुसऱ्या सुयांवर बसवायचा, संगणक पुन्हा चालू करायचा आणि हात जोडायचे. 'प्लग अँड प्ले' नावाची जादू तेव्हा नुकतीच बाजारात आली होती. 'लावा आणि खेळा' असं कंपन्या म्हणत, आणि वापरणारे तिला 'प्लग अँड प्रे', म्हणजे लावा आणि देवाचं नाव घ्या, म्हणत.

हे सगळं आठवायचं कारण असं, की यूएसबीचं काही बिघडलं की आपण वैतागतो, पण ती नेमकी तशीच का बिघडते याचं उत्तर बऱ्याचदा तिच्या जन्मकथेत असतं. नव्वदच्या दशकात काही माणसांनी खर्च वाचवायला काही निर्णय घेतले. आज आपण टेबलाखाली वाकून जे निस्तरतो, ते बरेचसे त्या निर्णयांचे हप्ते आहेत.

यातले एक मुख्य पात्र म्हणजे अजय भट्ट. मूळचे बडोद्याचे, सयाजीरावांच्या नावाच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून अभियंता झाले, पुढचं शिक्षण न्यूयॉर्कला, आणि १९९० साली इंटेलमध्ये. मुलीच्या शाळेच्या कामासाठी बायकोला प्रिंटर जोडताना झालेली दमछाक पाहून ही कल्पना सुचली, असं त्यांनी मुलाखतींत सांगितलेलं आहे. घरातली आणि टेलिफोनची भिंतीवरची खोबण कशी, काहीही लावा, चालतं! संगणकाला तसं का नसावं? कल्पना साधी होती. पण संगणक बनवणारे, चिप बनवणारे, प्रणाली लिहिणारे आणि टेलिफोनवाले अशा सगळ्यांना एका पाटावर बसवणं हे काम साधं नव्हतं. १९९४ साली कॉम्पॅक, डेक, आयबीएम, इंटेल, मायक्रोसॉफ्ट, एनईसी आणि नॉर्दर्न टेलिकॉम अशा सात कंपन्या एकत्र आल्या आणि जानेवारी १९९६ मध्ये पहिलं मानक बाहेर पडलं. इंटेलने त्यावर स्वामित्वशुल्क घेतलं नाही, आणि माझ्या मते निम्मी लढाई तिथेच जिंकली. तांत्रिकदृष्ट्या कितीतरी सरस असलेल्या फायरवायरसाठी नंतर एका पोर्टामागे एक डॉलर मागायची भाषा सुरू झाली, तेव्हा स्वस्त माऊस बनवणाऱ्यांनी कुठे जायचं ते ठरवून टाकलं.

(थोडं विषयांतर. २००९ साली इंटेलची एक जाहिरात आली होती. एखादा रॉकस्टार यावा तसे भट्ट कॉफीच्या खोलीत येतात आणि सहकारी वेडे होतात! आम्हा देशी अभियंत्यांमध्ये तिची भलतीच चर्चा झाली. पुढे कळलं की पडद्यावरचे भट्ट हे भट्ट नव्हतेच, एक नट होता. २०२५ साली खऱ्या भट्टांना पद्मश्री मिळाली तेव्हा माझ्यासारख्यांना बरं वाटलं.)

मी राहतो ते ऑरेगनमधलं उपनगर या इतिहासाच्या अगदी वेशीवर आहे. यूएसबीचं मानक सांभाळणाऱ्या संस्थेचा पत्ता बीव्हर्टनचा, आणि इंटेलची मोठाली आवारं शेजारच्या हिल्सबरोत. नऊ महिने पाऊस पडणाऱ्या या गावांतून जगभरच्या केबलींचं शास्त्र ठरतं हे इथे आल्यावर कळलं. इथल्या कुठल्याही देशी जेवणाच्या पंगतीत एक तरी माणूस असा भेटतो, ज्याने आयुष्याची दहा वर्षं 'ते उपकरण ओळखलं का जात नाही' या एका प्रश्नावर घालवलेली असतात. अशांकडून जे ऐकलं आणि कामाच्या निमित्ताने जे हाताखालून गेलं, त्यातलंच हे.

पहिला हप्ता सगळ्यांच्या परिचयाचा. टोक घातलं, जात नाही. उलटं केलं, जात नाही. पुन्हा सुलट केलं, गेलं! यावर इंटरनेटवर हजारो विनोद आहेत. दोन्ही बाजूंनी चालणारं टोक तेव्हा सुचलं नव्हतं असं नाही. पण त्यासाठी तारा दुप्पट, सर्किटं दुप्पट, म्हणजे खर्चही दुप्पट. आधीच प्रत्येक पैशावर कुरकुर करणाऱ्या कंपन्यांनी ते मानक उचललंच नसतं. भट्टांनी २०१९ साली एका मुलाखतीत हा यूएसबीचा सगळ्यात मोठा त्रास असल्याचं मान्य केलं आणि कारणही हेच दिलं. मात्र मानकात एक छोटी सोय ठेवलेली आहे, जी फारच थोड्यांना ठाऊक असते. टोकावर जो त्रिशूळ कोरलेला असतो तो (शंकराचा नव्हे, टोकांना वर्तुळ, त्रिकोण आणि चौकोन असलेला) वरच्या बाजूला यायला हवा. लॅपटॉपवर हे बहुतेक वेळा जमतं. उभ्या केसच्या मागे 'वरची बाजू' कोणती हे ज्याचं त्याने ठरवायचं.

जन्मानंतरची दोन वर्षं यूएसबीला कुणी विचारलं नाही. मदरबोर्डवर तिच्या सुया असायच्या, पण बाहेर खोबण काढायची पट्टी वेगळी विकत घ्यावी लागे, आणि घेतली तरी तीत लावायला काही नसे. विंडोज ९५ ला ती मागाहून आलेल्या आवृत्त्यांत जेमतेम कळायची. ऑफिसात चालणाऱ्या विंडोज एनटी ४ ला मुळीच नाही. २० एप्रिल १९९८ ला शिकागोच्या कॉमडेक्स प्रदर्शनात बिल गेट्सच्या शेजारी उभं राहून त्यांच्या सहकाऱ्याने येऊ घातलेल्या विंडोज ९८ ला एक स्कॅनर जोडून दाखवला. टोक खोबणीत गेलं आणि भल्या मोठ्या पडद्यावर निळा पडदा अवतरला. हशा पिकला. म्हणूनच आम्ही अजून ही आवृत्ती विक्रीला काढलेली नाही, अशा अर्थाचं काहीतरी बोलून गेट्स यांनी वेळ मारून नेली. यूएसबीच्या बिघाडांच्या इतिहासातला हा सर्वांत जास्त लोकांनी पाहिलेला बिघाड असावा.

मग त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ॲपलचा आयमॅक आला. फ्लॉपी नाही, जुनी सीरियल खोबण नाही, ॲपलचीच कळफलकाची जुनी खोबण नाही. बाहेरची उपकरणं जोडायला फक्त दोन यूएसबी. लोक हळहळले, चिडले, आणि काही महिन्यांत दुकानं निळसर पारदर्शक प्रिंटर-स्कॅनरांनी भरली. मानक लिहिलं सात कंपन्यांनी, पण ते लोकांच्या गळी उतरवलं त्या सातांत नसलेल्या आठवीने.

आता थोडं आतलं. यूएसबीत संगणक हा यजमान आणि बाकी सगळे पाहुणे. पाहुण्याने विचारल्याशिवाय बोलायचं नाही, हा नियम. माऊस हलवला तरी तो आपणहून काही कळवत नाही, यजमान 'काही म्हणायचंय का' असं सेकंदाला शेकडो वेळा विचारत असतो. सगळी अक्कल यजमानाकडे ठेवली, म्हणून माऊस स्वस्त झाला. पण म्हणूनच सगळं अवलंबून असतं ते पहिल्या ओळखीवर, आणि ती ओळख म्हणजे अगदी कांदेपोह्यांचा कार्यक्रम आहे.

मूळच्या केबलीत चार तारा: लाल आणि काळी विजेची, हिरवी आणि पांढरी बोलण्याची. टोकाच्या आत पाहिलंत तर कडेच्या दोन पट्ट्या मधल्या दोघींपेक्षा जरा लांब दिसतील. हेतू असा, की घालताना वीज आधी पोचावी आणि काढताना शेवटी जावी. वीज मिळाली की उपकरण आतला १.५ किलोओहमचा एक रोधक बोलण्याच्या एका तारेला जोडतं. त्या तारेवरचा दाब वर चढतो आणि यजमानाला कळतं, की दारात कुणीतरी आलंय. हिरवीवर चढला तर वेगवान पाहुणा, पांढरीवर चढला तर माऊस-कळफलकासारखा सावकाश. यजमान तारेवरची थरथर थांबायची वाट पाहतो, पाहुण्याला रीसेट करतो आणि शून्य क्रमांकाच्या पत्त्यावर विचारतो: नाव काय, गाव काय? पाहुणा आपला कंपनी क्रमांक, उत्पादन क्रमांक, जात (म्हणजे कळफलक, साठवण, ध्वनी वगैरे) आणि किती वीज लागेल ते सांगतो. त्याला १ ते १२७ मधला एक पत्ता मिळतो. मग प्रणाली त्याच्याशी पुढे बोलायला योग्य तो ड्रायव्हर शोधते. हे सगळं त्या 'टिंग-टाँग' आवाजाच्या आसपास उरकतं.

एवढं डोक्यात असलं, की बिघाड कुठल्या पायरीवर आहे ते संगणक स्वतःच सांगतो. लावल्यावर काहीच झालं नाही, आवाज नाही, डिव्हाइस मॅनेजरची यादी जरासुद्धा हलली नाही, तर दारावरची थापच यजमानाला ऐकू आलेली नाही. तिथे ड्रायव्हर शोधत बसणं म्हणजे पाहुणा स्टेशनवरच असताना पानं मांडणं. केबल बदला, पोर्ट बदला. फोनच्या चार्जरबरोबर येणाऱ्या कित्येक केबलींत बोलण्याच्या तारा नसतातच, नुसती वीज असते, आणि बाहेरून फरक काडीइतका दिसत नाही. आवाज आला, पण 'उपकरण ओळखता आलं नाही' असं म्हणत यादीत 'अननोन डिव्हाइस' आणि कोड ४३ दिसला, तर थाप ऐकू आली पण बोलणं फिसकटलं. म्हणजे तार अर्धवट तुटलेली, एक्स्टेंशन फार लांब, वीज अपुरी, किंवा उपकरणाची चिपच गेलेली. दुसऱ्या संगणकावरही तेच झालं तर उपकरण गेलं असं धरून चाला. नाव नीट आलं आणि शेजारी पिवळं चिन्ह असलं, तर ओळख झाली आहे, फक्त ड्रायव्हर नाही. आता खुशाल कंपनीच्या संकेतस्थळावर जा. लिनक्सवाल्यांनी डीमेसेज चालवलं तर हीच कथा ओळीओळीने वाचायला मिळेल, विंडोजपेक्षा किती तरी प्रामाणिकपणे.

आणखी एक गोष्ट जुनी आहे पण अजून फसवते. संगणक बंद केला तरी तारेने भिंतीला जोडलेला असेल तर पुष्कळ मदरबोर्ड खोबणींना थोडी वीज देत राहतात. त्यामुळे अडकून बसलेला हब किंवा उपकरण नुसतं 'रीस्टार्ट' करून सुटत नाही. भिंतीवरचं बटण बंद करून, प्लग काढून, मिनिटभर थांबून मग लावायचं. हा उपाय ऐकायला गावठी वाटतो, पण त्यामागे शुद्ध विज्ञान आहे.

ड्रायव्हरवरून आठवलं. २००० नंतरच्या प्रिंटरच्या खोबणीवर एक भडक स्टिकर असायचा: आधी सीडी चालवा, मगच यूएसबी जोडा. लोक तो सोलून फेकत आणि आधी केबल जोडत. मग विंडोज पाहुण्याला 'अनोळखी' म्हणून वहीत टिपून ठेवायची, आणि नंतर सीडी चालवली तरी ती नोंद बदलायला तयार नसायची. डिव्हाइस मॅनेजरमधून ती नोंद काढून, केबल सोडवून, पुन्हा क्रमाने सगळं करावं लागे. दुसरी तक्रार: 'डावीकडच्या पोर्टात चालतं, उजवीकडे लावलं की पुन्हा ड्रायव्हर मागतं.' यात पोर्टाचा दोष नाही. ज्या उपकरणात कंपनीने अनुक्रमांक घातलेला नसतो, त्याला विंडोज पोर्टावरून ओळखते. पोर्ट बदललं की तिच्या लेखी माणूसच नवा. अनुक्रमांक घालायचे चार पैसे वाचवले कारखान्याने, विंडोजला शिव्या घातल्या आपण.

२००७-०८ च्या सुमाराला हे सगळं मी बहुधा फोनवरून समजावत असायचो, आणि बहुधा नाशिकला. तो स्काइपचा जमाना होता (ते २०२५ च्या मे महिन्यात बंदही झालं). परदेशी राहणाऱ्या माझ्या पिढीच्या कित्येक घरांची आई-वडिलांशी भेट एका वेबकॅमच्या आणि एका हेडसेटच्या केबलीवर लटकलेली असायची. रविवारी सकाळी तिकडून फोन यायचा, म्हणजे आमची शनिवारची रात्र. "अरे, तुझा आवाज येतोय पण माझा जात नाहीये म्हणे. हिला तू दिसत नाहीयेस." मी म्हणायचो, "बाबा, कॅमेरा समोरच्या खोबणीत लावलाय का? तो काढा आणि मागे लावा." "मागे अंधार आहे रे." "आईला बॅटरी धरायला सांगा." मग फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज, खुर्ची सरकल्याचा आवाज, आईच्या सूचना, आणि दोन-तीन मिनिटांनी ते 'टिंग-टाँग' फोनमधून इकडे ऐकू यायचं. नातू समोर दिसायला लागला की बाबा पहिलं वाक्य म्हणायचे, "हां, आता मागनं आलास बघ."

पुढे की मागे, ही अंधश्रद्धा नाही. मागच्या खोबणी थेट मदरबोर्डवर झाळलेल्या असतात. पुढच्या मात्र केसच्या आतून जाणाऱ्या एका वायरीने जोडलेल्या असतात, आणि असेंबल केलेल्या संगणकात ती वायर सगळ्यात स्वस्तातली असते. वाटेत वीज गळते, गोंगाट मिसळतो. माऊस ते खपवून घेतो, कॅमेरा घेत नाही. त्यातून कॅमेरा आणि हेडसेट एकाच बिनविजेच्या हबवर असले तर बोलायलाच नको. मूळ मानकात पाहुण्याला ओळखीआधी १०० मिलीअँपिअर आणि ओळख पटल्यावर जास्तीत जास्त ५०० मिलीअँपिअर मिळत. ज्या हबला स्वतःचा अडॅप्टर नाही तो तेच ५०० सगळ्यांत वाटतो, आणि त्यातला थोडा वाटा स्वतः खातो. १९९६ साली ५०० म्हणजे चैन होती, कारण डोळ्यांसमोर माऊस आणि कळफलक होते. या खोबणीतून कुणी हार्ड डिस्क फिरवेल असं तेव्हा मनात नव्हतं. पुढे अडीच इंची डिस्का आल्या. फिरायला सुरुवात करताना त्यांना याहून किती तरी जास्त वीज लागे, म्हणून त्या 'टिक्, टिक्' करून गप्प बसत. मग दोन टोकांच्या केबली निघाल्या: एक टोक बोलायला, दुसरं नुसती वीज चोरायला. मानकात त्यांना चक्क मनाई होती, पण दुकानांत ढिगांनी मिळत. २००८ च्या यूएसबी ३ मध्ये मर्यादा ९०० झाली तेव्हा कुठे हा चोरटा व्यवहार थंडावला.

केबलीच्या लांबीचंही असंच. मूळ वेगवान केबलीला पाच मीटरची मर्यादा आहे, आणि ती उगाच नाही. यजमान प्रश्न विचारल्यावर उत्तराची वाट ठरावीक वेळच पाहतो. तार लांबली की उत्तर उशिरा पोचतं आणि यजमान 'कुणी बोलत नाही' असं धरून पुढे जातो. हॉलमधला प्रिंटर बेडरूममधल्या संगणकाला तीन एक्स्टेंशनं जोडून चालवायचा हट्ट असेल तर मधे हब घाला. तो नुसती तार वाढवत नाही, निरोप नव्याने उच्चारून पुढे पाठवतो.

यूएसबी ३ ने वेग ५ गिगाबिटवर नेला आणि जाताजाता एक नवाच बिघाड जन्माला घातला. वायरलेस माऊस अडखळायला लागतो, बॅटरी बदलली तरी अडखळतो, नवा आणला तरी अडखळतो. लोक ड्रायव्हर बदलून थकतात. कारण असतं शेजारच्या निळ्या खोबणीत लावलेली हार्ड डिस्क. त्या वेगाने धावणाऱ्या संदेशांचा रेडिओ गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात सांडतो, आणि माऊसचा तो नखाएवढा रिसीव्हर त्याच पट्ट्यात ऐकत असतो. खुद्द इंटेलने २०१२ साली याची मापं घेऊन निबंध प्रसिद्ध केला. उपाय मात्र अगदी क्षुल्लक: रिसीव्हर हातभर एक्स्टेंशनवर घेऊन डिस्कपासून लांब ठेवायचा.

त्यानंतरचा मोठा घोळ २०१५ चा. यजमानाच्या बाजूच्या नियंत्रक चिपांच्या पिढ्या असतात. विंडोज ७ ला जुनी पिढी येत होती, नवी येत नव्हती. २०१५ साली इंटेलच्या नव्या चिपसेटमधून जुनी पिढी काढून टाकली गेली. परिणाम असा, की विंडोज ७ नव्याने घालायला बसलं की स्वागताचा पडदा यायचा, 'पुढे' हे बटण दिसायचं, आणि ते दाबायला ना माऊस चालायचा ना कळफलक. ज्यांच्या मदरबोर्डवर १९८७ पासूनची ती गोल पीएस-टू खोबण शिल्लक होती, त्यांनी अडगळीतला कळफलक काढून काम भागवलं. ज्या पसाऱ्यातून सुटायला यूएसबी काढली, त्या पसाऱ्यातली एक खोबण तिला वाचवायला आली.

ऑगस्ट २०१४ मध्ये टाइप-सी आली आणि उलट-सुलटचा पहिला हप्ता अखेर फिटला. पण एका अठ्ठावीस-दिवसांच्या बाळासारखी दिसणारी ही गोंडस खोबण पोटात बरंच काही घेऊन आली: चोवीस पिना, वीज दोन्ही दिशांना, पडद्याचं चित्र आणि वेगवेगळे वेग. कोण कुणाला किती वीज देणार हे आता रोधकांवरून आणि केबलीतल्या चिपवरून ठरतं. म्हणजे केबलही या संभाषणात भागीदार झाली, आणि खोटं बोलू शकणारी भागीदार. २०१५ साली गूगलमधले अभियंते बेन्सन लियुंग यांनी बाजारातल्या टाइप-सी केबली विकत घेऊन तपासायला सुरुवात केली. जुन्या टोकाकडून टाइप-सीकडे जाणाऱ्या केबलीत ५६ किलोओहमचा रोधक हवा, तो कित्येकींत चुकीचा निघाला. अशी केबल फोनला सांगते, 'मागे भक्कम चार्जर आहे, हवी तेवढी ओढ', आणि मागे असते लॅपटॉपची बिचारी जुनी खोबण. फेब्रुवारी २०१६ मध्ये तर एका केबलीत विजेच्या दोन ताराच अदलाबदल होऊन झाळलेल्या होत्या, आणि लावल्याबरोबर त्यांचा लॅपटॉप निकामी झाला. पुढच्या महिन्यात ॲमेझॉनने मानकात न बसणाऱ्या टाइप-सी केबलींवर बंदी घातली.

त्यात नावांचा गोंधळ. २००८ चं जे यूएसबी ३.०, त्याचंच २०१३ मध्ये ३.१ जेन १ झालं आणि २०१७ मध्ये ३.२ जेन १. वेग तोच, बारसं तीनदा. युरोपने २०२२ साली कायदा करून फोन, टॅबलेट, कॅमेरे यांना २८ डिसेंबर २०२४ पासून टाइप-सी सक्तीची केली आणि लॅपटॉपना २८ एप्रिल २०२६ ची मुदत दिली. घरातले चार्जर कमी होतात, चांगलंच आहे. पण आता दिसायला जुळ्या असलेल्या दोन केबलींतली एक ४८० मेगाबिटची आणि दुसरी ४० गिगाबिटची असू शकते, एक ६० वॉटची आणि दुसरी २४० वॉटची. १९९५ च्या त्या पाठीवर निदान आकार पाहून कळायचं की हे काय आहे. आता खोबण एकच झाली आणि फरक सगळा आत, दिसणार नाही असा गेला. त्यामुळे नव्या लॅपटॉपला पडदा जोडला आणि चित्र आलं नाही, तर पहिला संशय केबलीवर घ्या, दुसरा त्या विशिष्ट खोबणीवर (एकाच लॅपटॉपच्या दोन टाइप-सी खोबणींपैकी एकच चित्र देते असंही असतं), आणि पडद्यावर सगळ्यात शेवटी. फोन चार्ज होत नसेल तर त्याआधी खोबणीत डोकावा. खिशातल्या कापडाचा मऊ गोळा दाबून दाबून तळाशी बसलेला असतो आणि टोक शेवटपर्यंत जात नाही. फोन बंद करून लाकडी टूथपिकने हलकेच काढा, टाचणीने नको.

आमच्या घरी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातला एक खण केबलींचा आहे. प्रत्येकीच्या गळ्यात पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा आणि त्यावर बॉलपेनने वॉट, गिगाबिट आणि 'चित्र येतं' किंवा 'नुसती वीज'. गेल्या खेपेला आई आली होती तेव्हा तिने तो खण उघडून पाहिला आणि म्हणाली, "हे म्हणजे माझ्या मसाल्याच्या बरण्यांसारखंच की रे. दिसायला सगळं लालच." जाताना तिने चिकटपट्टीचं एक रीळ बॅगेत टाकलं, बाबांच्या खणासाठी.